पाच व्होल्ट, जामखेडात

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक्सचा प्रकल्प मांडलेलं टेबल लांबूनही ओळखू येतं. पांढरा ब्रेडबोर्ड, त्यावर रंगीत तारांचं जाळं आणि कडेला लोंबकळणारी चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी. सेन्सर कोणता घ्यायचा यावर पोरांनी आठवडे घातलेले असतात, प्रोग्रॅमवर त्याहून जास्त. बॅटरी मात्र आदल्या संध्याकाळी दुकानातून उचललेली असते. परीक्षक समोर उभे राहतात, नेमकी तेव्हाच सर्व्हो मोटार थरथरते, स्क्रीन विझते, पुन्हा लागते, पुन्हा विझते. “सर, घरी चालत होतं.” खोटं काही नाही. घरी ते लॅपटॉपच्या यूएसबीवर चालत होतं.

ती चौकोनी बॅटरी वाईट नसते, तिचं काम वेगळं असतं. तिच्या पोटात दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. मल्टिमीटर, धुराची सूचना देणारा अलार्म, कॉलरचा माइक अशा उपकरणांना अगदी थोडी वीज महिनोन्‌महिने पुरवत राहायची, एवढ्यासाठी ती केलेली आहे. चांगली अल्कलाइन असली तरी तिची क्षमता सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास भरते, स्वस्तातल्या झिंक-कार्बनची त्याहून बरीच कमी. खरी अडचण तिच्या अंतर्गत रोधाची आहे. ताज्या अल्कलाइनमध्ये तो एक-दोन ओहम असतो, आणि बॅटरी वापरली जाते तसा वाढत जातो. झिंक-कार्बनमध्ये तो मुळातच कितीतरी जास्त. प्रकल्पांत सर्रास दिसणारी छोटी निळी सर्व्हो, एसजी-९०, अडकली की ६०० ते ७०० मिलिअँपिअर ओढते. दोन ओहममधून ७०० मिलिअँपिअर गेले की १.४ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच खर्च होतात. उरले साडेसात. अर्डुइनो ऊनो बोर्डाला त्याच्या गोल सॉकेटातून किमान सात हवेत. बॅटरी थोडी जरी जुनी असेल तरी बोर्ड सातच्या खाली जातो, रिसेट होतो, सर्व्होला पुन्हा हलायला सांगतो आणि पुन्हा कोसळतो. ती थरथर इथून येते, आणि पोरं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

त्याऐवजी टॉर्चचे चार पेन्सिल सेल एका खोक्यात घातले तर काम कितीतरी सोपं होतं. अल्कलाइन पेन्सिल सेल दोन हजार मिलिअँपिअर-तासांच्या वर जातो आणि अर्धा अँपिअर कुरकुर न करता देतो. ताजे चार मिळून सहाच्या थोडं वर जातात, चार्जेबल निकेलचे चार मिळून ४.८ व्होल्ट देतात. दुसरी चौकडी पाच व्होल्टच्या बहुतेक सर्किटांना थेट चालते. पहिली थेट लावू नये, कारण अर्डुइनोवरच्या मुख्य चिपची कमाल मर्यादा सहा व्होल्टची आहे आणि नीट कामाची ५.५ ची.

म्हणून सुरुवात बॅटरीपासून करूच नये. सुरुवात भारापासून करावी, म्हणजे सर्किट किती ओढणार, त्यातही एका क्षणाला जास्तीत जास्त किती ओढणार, इथून.

उदाहरण जामखेडचंच घेऊ. ज्वारी-तुरीचा, पर्जन्यछायेतला तालुका. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, आठवडाभर दिवसा तर आठवडाभर रात्री. रात्रीची पाळी असली की विहिरीवर जाऊन मोटार चालू करायला कुणीतरी उठायचं. साप, विंचू, चिखल, आणि तिथं गेल्यावर कळतं की एक फेजच नाही. त्यामुळे फोनवरून मोटार चालू करायची कल्पना इथल्या पोराला सुचते, आणि सुचायलाच हवी. बाजारात तयार मोबाईल स्टार्टर मिळतात, हे खरं. पण आतून तो कसा चालतो ते ब्रेडबोर्डवर मांडून पाहण्यात वेगळी मजा आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच्या इन्स्पायर अवॉर्ड-मानक योजनेत कल्पना निवडली गेली तर प्रकल्पासाठी दहा हजार रुपयेही मिळतात.

या प्रकल्पाचा भार मोजू. अर्डुइनो नॅनो सुमारे वीस-पंचवीस मिलिअँपिअर. ओल मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर पाचेक. पाच व्होल्टचा निळा रिले, म्हणजे टक्‌ आवाज करणारा तो ठोकळा, सत्तर. एखादा एलईडी, दहा. बेरीज सव्वाशेच्या आत. इथवर कुठलाही मोबाईल चार्जर हसत हसत करील. आता फोनचा भाग येतो. सिम-८०० एल नावाचा जीएसएमचा चिमुकला बोर्ड एरवी शांत असतो, पण टॉवरशी बोलताना दोन अँपिअरपर्यंत झटके घेतो. प्रत्येक झटका फक्त ५७७ मायक्रोसेकंदांचा, दर ४.६ मिलिसेकंदांनी एक. सरासरी काढली तर आकडा गरीब दिसतो, आणि सरासरी पाहूनच माणूस फसतो. (हा बोर्ड टू-जीचा आहे. जिओचं सिम त्यात चालणारच नाही, हे आधी सांगितलेलं बरं.) शिवाय त्याला पाच व्होल्ट नकोत, ३.४ ते ४.४ हवेत. पाच दिले तर तो जळतो, तीन दिले तर बंद पडतो.

दोन अँपिअर म्हटल्यावर घरोघरी एक भीती ऐकू येते, “दोन अँपिअरचा चार्जर लावला तर एवढंसं सर्किट जळेल.” नाही जळणार. विहिरीत पाणी भरपूर आहे म्हणून कुणी जास्त पीत नाही. ज्याला जेवढी तहान, तेवढंच तो ओढतो. चार्जरवरचा व्होल्टचा आकडा बंधन आहे, तो जुळलाच पाहिजे. अँपिअरचा आकडा ही त्याची कुवत आहे, ती गरजेपेक्षा जास्त असली तर उत्तमच. सर्किट जळतं ते व्होल्ट चुकल्यानं, उलटसुलट जोडल्यानं किंवा तार कुठंतरी दुसऱ्या तारेला टेकून शॉर्ट झाल्यानं. शॉर्ट झालंच तर मात्र मोठ्या कुवतीचा पुरवठा जास्त नुकसान करतो. म्हणून नव्या सर्किटाला पहिल्यांदा वीज देताना लहान कुवतीचा, यूएसबीचा पुरवठा घ्यावा. ऊनो बोर्डवर यूएसबीच्या वाटेत ५०० मिलिअँपिअरचा आपोआप सावरणारा फ्यूज असतो. त्यानं किती पोरांचे लॅपटॉप वाचवले असतील, देव जाणे.

आता वीज आणायची कुठून? घरात असाल तर भिंतीतल्या प्लगातून. आणि इथं जामखेडसारख्या ठिकाणी पुस्तकातला एक जुना सल्ला तपासून घ्यावा लागतो.

जुनी पाठ्यपुस्तकं, आयटीआयच्या वह्या आणि काही मास्तर अजूनही नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडांचा ब्रिज, मोठा कपॅसिटर आणि ७८०५ रेग्युलेटर असा पुरवठा बनवायला सांगतात. शिकायला तो फार चांगला आहे, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो. पण ट्रान्सफॉर्मर हा प्रामाणिक प्राणी. आत जेवढं येईल त्याच्या ठरलेल्या हिश्शानंच बाहेर देतो. २३० वर नऊ देणारा ट्रान्सफॉर्मर १६० वर सव्वासहा देतो. डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या, लाईट डिम झाली आणि समजा १६० व्होल्टच उरले, तर गणित असं होतं. सव्वासहाचं शिखर ८.८ च्या आसपास. त्यातून ब्रिजच्या दोन डायोडांचे १.४ गेले की ७.४. भार असताना कपॅसिटरवरचा व्होल्टेज दर अर्ध्या फेऱ्याला खाली-वर होतो, म्हणजे तळ सातच्याही खाली जातो. ७८०५ ला पाच द्यायचे तर आत किमान सात हवेत. ते मिळेनात की त्याच्या पाचांत शंभर हर्ट्‌झची गुणगुण मिसळते आणि सर्किट वेड्यासारखं वागू लागतं. पुण्यात बसून लिहिलेला आराखडा पुण्यात चालतो, आणि शेताच्या लाईनीवर रात्री दहाला कोलमडतो.

मोबाईलचा चार्जर वेगळ्या जातीचा. तो आधी मेनची वीज डीसी करतो, मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून काढतो, आणि बाहेरचे पाच व्होल्ट सतत तपासून ती चालू-बंदी कमी-जास्त करत राहतो. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते शोभेसाठी नाही. १६० व्होल्टवरही तो पाचच देतो. डिम लाईटच्या गावाला याहून सोयीचा पुरवठा नाही, आणि तो बहुतेकांच्या घरात आधीपासूनच पडलेला असतो. फक्त न्यूट्रल तुटला, बल्ब अचानक लख्ख पेटले, तर प्लग आधी उपटावा. तेव्हा दोन फेजांमधला व्होल्टेज घरात घुसलेला असतो, आणि त्यापुढे २४० ची पाटी कामाची नाही.

चार्जर घेताना वजन आणि पाटी, दोन्ही पाहावं. मोबाईल चार्जर आणि ॲडॅप्टर भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. मानकाची खूण आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाठीवर असायला हवा. बाजारातल्या टोपलीतल्या बिननावाच्या हलक्या चार्जरमध्ये मेनची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांत किती अंतर ठेवलंय, ते उघडल्याशिवाय कळत नाही. उघडून पाहणाऱ्याला पुन्हा तो वापरावासा वाटत नाही. सी-टाइपचं नुसतं सॉकेट ब्रेडबोर्डला जोडणाऱ्यांसाठी आणखी एक: दोन्ही टोकं सी असलेल्या केबलवर चार्जर गप्प बसला, तर तो बिघडलेला नसतो. सॉकेटच्या दोन सीसी पिनांवर प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर जमिनीशी, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडशी, जोडलेला नसेल, तर समोर कुणी आहे हे त्याला कळतच नाही.

यूट्यूबवर ‘ट्रान्सफॉर्मरशिवाय पाच व्होल्ट’ म्हणून एक कपॅसिटर, दोन डायोड आणि एक झेनर दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. एलईडी बल्बात अशी रचना असते, पण बल्ब बंद डबीत असतो. ब्रेडबोर्डवर ती मांडली तर मीटर पाचच दाखवील, पण त्या पाचांसकट सगळं सर्किट मेनशी जोडलेलं असेल. सेन्सरला हात लावणं म्हणजे फेजला हात लावणं. मी हे कुणालाही, कोणत्याही कारणासाठी सुचवणार नाही. मोटारीच्या स्टार्टरमध्ये तर चारशेवर व्होल्ट असतात. रिलेच्या पलीकडचं ते काम वायरमनचं, आणि ब्रेडबोर्डवर ते कधीच येऊ नये. प्रदर्शनात मोटारीच्या जागी छोटा बारा व्होल्टचा पंप ठेवला तरी प्रयोग सिद्ध होतो.

शेतात मात्र प्लग नाही, आणि असला तरी लाईट पाळीची. इथं एक सोय अशी आहे की शहरातल्या पोराला ती सुचणार नाही. फवारणीचा बॅटरी पंप. पाठीवरच्या त्या पंपाच्या तळाशी बारा व्होल्टची, बहुधा आठ अँपिअर-तासांची बंद लेड-ॲसिड बॅटरी असते. आता काही पंप लिथियमवरही येतात. फवारणीचे दिवस सोडले तर ती घरात नुसती बसून असते. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ वॉट-तास. लेड-ॲसिड पूर्ण रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून निम्मीच मोजू, ४८. आपला प्रकल्प सरासरी शंभर मिलिअँपिअर पाच व्होल्टवर खातो असं धरलं तर अर्धा वॉट झाला, बदलताना होणारा तोटा धरून ०.६ च्या वर. म्हणजे तीन दिवस चालेल. भरलेली बॅटरी मोकळी असताना १२.७ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली उतरली की काढून चार्जिंगला लावावी.

ही बॅटरी साधी दिसते, पण शॉर्ट झाली तर कित्येक अँपिअर ओतते. जंपर वायर लाल व्हायला क्षण लागत नाही. तिच्या प्लस टोकापासून पहिल्या बोटभर अंतरातच दोन अँपिअरचा काचेचा फ्यूज टाकावा. त्याशिवाय ती ब्रेडबोर्डच्या खोलीत आणू नये.

बाराचे पाच करायचे कसे? पुन्हा ७८०५ डोळ्यांपुढे येतो. तीन पायांचा, स्वस्त, सगळीकडे मिळणारा. पण तो जास्तीचे सात व्होल्ट उष्णता करून फेकतो. अर्धा अँपिअर घेतला तर साडेतीन वॉट. त्याला हीट सिंक नसेल तर दर वॉटमागे त्याचं अंतरंग हवेपेक्षा सुमारे ६५ अंश तापतं. मे महिन्यात चाळीस अंशाची हवा आणि आत १२५ अंशांची मर्यादा धरली, तर ८५ भागिले ६५, म्हणजे १.३ वॉट एवढीच त्याची ऐपत. बाराच्या बॅटरीवर तो १८५ मिलिअँपिअरच्या पुढे जाऊ शकत नाही. पुढे गेला की स्वतःला बंद करून घेतो, थंड झाला की पुन्हा चालू होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं प्रोग्रॅम अडकतोय. ब्रेडबोर्डच्या टोकाला बसणारे तयार पॉवर मॉड्यूल, ज्यावर टोपी सरकवून ३.३ किंवा ५ निवडता येतात, त्यांतही असेच रेग्युलेटर आहेत, आणखी लहान. पाकिटावर ७०० मिलिअँपिअर लिहिलेलं असलं, तरी बारा व्होल्ट देऊन तेवढे मागू नयेत. यूएसबीतून पाच देऊन वापरलं तर मॉड्यूल बिचारं बरं आहे.

बारावरून उतरायचं तर एलएम-२५९६ चा बक कन्व्हर्टर घ्यावा. तो जास्तीची वीज जाळत नाही, चालू-बंद करून बदलतो. बारातून पाच करताना ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज पदरात पडते. त्याच्यावर एक पितळी स्क्रू असतो. दुकानातून येताना तो कुठंही फिरलेला असतो, म्हणून आधी बॅटरी, मग मल्टिमीटर, मग स्क्रू, आणि सगळ्यात शेवटी सर्किट. हा क्रम उलटा झाला की बारा व्होल्ट थेट अर्डुइनोच्या पाचात जातात. जीएसएमसाठी दुसरा, वेगळा बक घेऊन तो चार व्होल्टवर लावावा. दोन्हींची जमीन एक हवी, नाहीतर बोर्ड एकमेकांचं बोलणं ऐकतच नाहीत.

पॉवर बँकही शेतात चालेल असं वाटतं, आणि मोठ्या सर्किटाला ती चालतेही. पण लहान भार दिसला की ती फोन भरला असं समजून झोपी जाते. दर तासाला ओल मोजून बाकी वेळ शांत राहणारा प्रकल्प तिच्यावर अर्ध्या मिनिटात मरतो. तिच्यावरचे दहा हजार मिलिअँपिअर-तासही आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. पाच व्होल्टवर हाती सहा-साडेसहा हजार लागतात. ‘बारा व्होल्ट’चं सोलर पॅनेलही असंच फसवं. भार नसताना भर उन्हात ते एकवीस-बावीसपर्यंत चढतं. ब्रेडबोर्ड आणि पॅनेल यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी हवीच.

सगळं नीट निवडलं तरी ब्रेडबोर्ड स्वतः आडवा येतो. १९७१ साली अमेरिकेत रोनाल्ड पोर्तुगाल यांनी या छिद्रांच्या पाटीचा आराखडा पेटंटसाठी दिला, तेव्हा तिच्यावर लहान आयसी आणि मिलिअँपिअरची गणितं होती. दोन छिद्रांमध्ये २.५४ मिलिमीटर, आत स्प्रिंगसारख्या पातळ पट्ट्या. एक अँपिअर ही तिची सोसायची हद्द समजावी, आणि स्वस्त पाटीत तीही नाही. प्रत्येक छिद्राचा, प्रत्येक पातळ जंपरचा थोडा रोध असतो. सगळे मिळून पाव ओहम झाला तरी दोन अँपिअरच्या झटक्याला अर्धा व्होल्ट गायब. चार व्होल्टचे साडेतीन, म्हणजे कडेलोटाच्या काठावर. म्हणून जीएसएमची वीज ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांतून नेऊच नये. बकपासून जाड, आखूड तारा थेट बोर्डाला डागाव्यात. त्याच्या पायाशी हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, पण त्याच्यावर सगळी भिस्त नको. दोन अँपिअरचा एक झटका एकट्यानं पेलताना तो एक व्होल्टच्या वर खाली येतो. दोन गोष्टी पोरांना कुणी सांगत नाही. मोठ्या पाटीवरच्या लाल-निळ्या पट्ट्या काही वेळा मधोमध तुटलेल्या असतात, रेघ खंडित दिसली की तिथं तार टाकावी. आणि प्रत्येक आयसीच्या विजेच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर हवा.

हे सगळं करायला इंजिनिअर लागत नाही. जामखेडला तर हे वेगळं सांगायची गरज नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून इथं फारशी शाळा न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेवेचं तंत्र शिकवलं, आणि ते पाहायला जग इथं आलं. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या जागी, २००२ पासून फॅब लॅब चालते आणि खेड्यातली पोरं तिथं सर्किटं जुळवतात. लागतं ते मल्टिमीटर. दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मीटरही या कामाला पुरतो. सामान नगरला मिळालं नाही तर पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतं, किंवा कुरिअरनं घरी येतं.

मीटर वापरायचा तो सर्किट चालू असताना, रिले ओढलेला असताना, सर्व्हो हलत असताना, आणि टोचायचा बॅटरीवर नाही तर बोर्डाच्या पिनांवर. तिथं ४.७५ च्या वर राहिलं तर पाच व्होल्टची बाजू ठीक. जीएसएमच्या बाबतीत मात्र मीटर आंधळा आहे. सेकंदाला दोन-तीनदा वाचणाऱ्याला ५७७ मायक्रोसेकंदांचा खड्डा दिसत नाही, तो खुशाल चार दाखवत राहतो. ऑसिलोस्कोप कुणाकडे नसतो, पण बोर्डावरचा चिमुकला दिवा असतो. नेटवर्क शोधताना तो साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो, सापडल्यावर तीन सेकंदांनी एकदा. दिवा संथ झाला की त्या सिमवर कॉल लावा. रिंग वाजायच्या आत तो पुन्हा भराभर लुकलुकू लागला तर बोर्ड मधेच बंद पडून परत उठलेला असतो. प्रोग्रॅमला हात न लावता तारा जाड करायच्या, आखूड करायच्या आणि पुन्हा कॉल लावायचा.